सकाळी उठल्यावर पहिलं काय खाता?

डॉ. दिगंबर सांबरेकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. संपादक मंडळींनी 'आठवणी जिव्हाळ्याच्या असाव्यात' असं पत्रात लिहिलंही आहे. पण सरांच्या पंचाहत्तरीला मी काही रंगवून लिहिलं, तर ते स्वतःच लाल पेनानं दुरुस्त करून लेख परत पाठवतील. म्हणून जे घडलं तेच लिहितो.

मी तेव्हा बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर साड्या विणत होतो. वय चोवीस, अंगात रग आणि आपल्याला सगळं कळतं हा पक्का समज. माझी थोरली बहीण शालन, म्हणजे आमची आक्का, निपाणीजवळ बोरगावला दिलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि गेले दोन महिने ती माहेरी होती. सासरच्यांनी 'चार दिवस विश्रांतीला' म्हणून आणून सोडलं आणि न्यायला कोणी आलं नाही. तिच्यावर दोन आरोप होते. एक, तिला वेडाचे झटके येतात. दुसरा, ती चोरून खाते. पहिल्यावर निपाणीपर्यंत औषधं झाली होती, फिटच्या गोळ्या चालू होत्या. दुसऱ्यावर औषध नव्हतं, नुसती बोलणी होती, आणि ती भर गल्लीत झाली होती.

झालं होतं असं. एका सोमवारी सकाळी आक्कानं नळावर भरलेली घागर सासूच्या अंगावर ओतली आणि तोंडाला येईल ते बोलली. नवरा धरायला गेला, तर त्याला म्हणाली, "तू कोण?" तासाभरानं ती शुद्धीवर आली तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. असं आधीही झालं होतं, पण घरात. या वेळी गल्लीनं पाहिलं. सासूबाईंनी रागाच्या भरात तिची ट्रंक उघडली, तर साड्यांच्या घडीत फडक्यात बांधलेला गूळ निघाला. तो त्यांनी दारात नेऊन सगळ्यांना दाखवला. सून येडी न्हाय, चोरटी हाय, असं त्या दिवशी ठरलं. त्यानंतर आमच्या दाजींसाठी दुसरी मुलगी बघायची भाषा सुरू झाल्याचं आमच्या कानावर आलं. आक्कानं महिनाभर उंबरठा ओलांडला नाही. आई तिच्याकडे बघून रडायची आणि मी दातओठ खात माग चालवायचो.

पोटाच्या विकारांचे डॉक्टर म्हणून सरांचं नाव आम्हाला शेजाऱ्यांनी सांगितलं. पोटाचा काय संबंध, असं मी म्हणालो होतो. ती वजनानं वाढत चालली होती, सारखी भूक भूक करायची, म्हणून आईनं पोटाच्या डॉक्टरांचा हट्ट धरला. या एका गोष्टीत आई आम्हा सगळ्यांच्या पुढे होती, हे आज कबूल करतो.

सरांनी आक्काला विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" मी म्हणालो, "झटके येतात." त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, "तीन वर्षं झाली." त्यांनी तिसऱ्यांदा तिच्याचकडे बघून काहीतरी विचारलं आणि मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "आजारी तुम्ही आहात का?" म्हणाले. मी नाही म्हटलं. "मग बाहेर बसा."

बाहेर बसलो. दाराला नुसता पडदा होता, त्यामुळे ऐकू येत होतं. बराच वेळ आक्का काही बोलली नाही. सरांनीही घाई केली नाही. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, एक म्हातारबुवा घड्याळाकडे बघत चरफडत होते. मग सरांनी जो प्रश्न विचारला, तो मी पुढे त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला.

"सकाळी उठल्यावर पहिलं काय खाता?"

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"मी कुणाला सांगणार नाही."

"गूळ," आक्का म्हणाली.

"किती?"

"मूठभर. चोरून."

"आणि खाल्ल्यावर?"

"धा मिंटांत डोस्कं जाग्यावर येतंय. हातापायाची थरथर थांबतीया. घाम निवतोय."

"नाही खाल्ला तर?"

"मंग मला ठावं न्हाय वो डाक्टर. मंग लोक सांगत्यात मी काय केलं त्ये."

सर म्हणाले, "बाई, तुम्ही चोरी करत नव्हतात. तुम्ही औषध घेत होतात."

आत आक्का ओक्साबोक्शी रडायला लागली. बाहेर मी जमिनीकडे बघत बसलो. ती आमचीच आक्का होती, गेली तीन वर्षं हे सोसत आमच्या घरी येत-जात होती, आणि हा एवढा साधा प्रश्न आम्ही कोणी तिला विचारला नव्हता.

मग सरांनी मला आणि आईला आत बोलावून समजावलं. रक्तातली साखर खाली घसरली की मेंदू उपाशी राहतो. माणूस दारू प्यायल्यासारखा बोलतो, ओळख विसरतो, कधी बेशुद्ध पडतो. आक्काचे झटके पहाटे येत, नाहीतर सोमवारच्या कडक उपासाला येत, म्हणजे पोट रिकामं असताना. "मग इतक्यांदा रक्त तपासलं, त्यात कसं आलं नाही?" मी विचारलं. सर म्हणाले, "दवाखान्याला निघताना घरात काय करता?" आई म्हणाली, "चा घेतल्याबिगर कसं भायेर पडायचं?" सर हसले. आमच्या भागात कोणी चहा न घेता घराबाहेर पडत नाही आणि आमचा चहा म्हणजे निम्मी साखर. आक्का दवाखान्यात पोचायची तोवर तिची साखर जागेवर आलेली असायची. सगळे रिपोर्ट स्वच्छ यायचे आणि ती आणखी खोटी ठरायची.

सरांनी आणखी एक गोष्ट विचारली. घरात कुणाला मधुमेह आहे का? आक्काच्या सासऱ्यांना होता, ते गोळ्या घेत. त्या गोळ्यांची अदलाबदल झाली तरी अगदी असंच होऊ शकतं. सरांनी हे इतक्या हळुवारपणे विचारलं की आईला त्यात संशयाचा वासही आला नाही. पण दोन महिने माहेरी राहूनही झटके येत होते आणि आमच्या घरात तसली गोळीच नव्हती. तेव्हा सरांनी आपला अंदाज सांगितला. पोटात जठरामागे स्वादुपिंड असतं, तिथे इन्सुलिन तयार होतं. त्यात एखादी बारीक गाठ असावी आणि ती मनाला येईल तसं इन्सुलिन सोडत असावी. पण अंदाजावर कुणाच्या पोटावर सुरी ठेवता येत नाही. तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात: लक्षणं, त्याच क्षणी रक्तात कमी झालेली साखर, आणि साखर दिल्यावर माणूस पुन्हा भानावर येणं. शिवाय त्याच क्षणाचं रक्त घेऊन त्यात इन्सुलिन किती आहे ते मोजायचं. त्यासाठी आक्काला रुग्णालयात ठेवून, पाण्याशिवाय काहीही न देता, साखर घसरायची वाट बघायची होती.

आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक सांगायची वेळ आली. ती मी सरांच्या समोर कबूल केली आहे, आता छापूनही टाकतो.

रुग्णालयात पहिला दिवस गेला. दर थोड्या वेळानं बोटाला टोचून साखर बघत होते, ती हळूहळू उतरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काच्या हाताला कंप सुटला, बोलणं अडखळायला लागलं. आईनं आपल्या गल्लीतल्या देवीला आक्कासाठी अभिषेक केला होता, त्याचा प्रसाद पुडीत होता, गूळ-खोबरं. तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दे तिला. परसाद हाय त्यो, खाणं न्हवं." आमच्याकडे प्रसादाला खाणं कोणी म्हणत नाही. उपासाला चालतो, आजाऱ्याला चालतो, नाही म्हटलं तर देवीचा अपमान. नर्सबाई वळल्या तेवढ्यात मी गूळ-खोबऱ्याचा एक घास आक्काच्या तोंडात घातला. तिला कळतही नव्हतं काय चाललंय. तिनं तो चघळला.

अर्ध्या तासात साखर वर. कंप गेला. तिथले एक डॉक्टर सरांना म्हणाले, "साखर आपोआप सुधारली. गाठ असती तर असं झालं नसतं. हे मनाचं दुखणं आहे, सोडून द्या घरी." त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच बोलत होते. आक्का कॉटवरून आमच्याकडे बघत होती. घरी सोडलं असतं तर 'मनाचं दुखणं' असं लिहिलेला कागद बोरगावला गेला असता आणि सगळं तिथेच संपलं असतं. हे कळत असूनही माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सरांनी कोणाला काही विचारलं नाही. ते आक्काच्या उशाशी गेले, वाकले आणि उशीवरचा खोबऱ्याचा एक बारका कीस बोटानं उचलला. माझ्याकडे बघितलं. मी सगळं ओकलो. आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार, या तयारीनं उभा राहिलो.

सर म्हणाले, "उरलाय का?"

मी पुडी पुढे केली. त्यांनी चिमूटभर प्रसाद घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला. मग आईला म्हणाले, "आक्का, देवीचा प्रसाद खाणं नसेल, पण गूळ हा गूळच. तो साखर वाढवणारच, देवीनं दिला तरी. ही पुडी माझ्याकडे ठेवतो. तपासणी झाली की मीच तुमच्या लेकीला देतो." आईला सर आक्का म्हणाले, यातच ती अर्धी विरघळली. मग सर आमच्या आक्काकडे वळले. "पुन्हा पहिल्यापासून उपाशी राहावं लागेल. तुम्ही म्हणाल तरच."

आक्का म्हणाली, "करा पुन्यांदा. पर ह्या येळेला आईला आनी ह्या शान्याला घरी धाडा."

आम्ही दोघं निमूट घरी गेलो. मला सरांनी मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावून घेतलं. सकाळी दहाच्या सुमाराला आक्काची साखर घसरली. घाम आला, डोळे तरंगायला लागले, आणि ती मला म्हणाली, "तू कोण?" दाजींनी जे ऐकलं होतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. सरांनी घाई केली नाही आणि उशीरही केला नाही. रक्त घेतलं, लगेच शिरेतून साखर सोडली. काही मिनिटांत आक्का भानावर आली आणि म्हणाली, "परशा, असा का उभारलाईस?" सरांनी खिशातून पुडी काढली आणि प्रसाद तिच्या तळहातावर ठेवला.

हे रक्त तपासायची सोय तेव्हा बेळगावात नव्हती, नमुना पुण्याला पाठवायचा होता आणि तो वाटेत थंडच राहायला हवा होता. सरांकडे न्यायला माणसं होती. त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला. "तुमच्या आक्काचं रक्त तुम्हीच न्या." ज्यानं तपासणी बिघडवली त्याच्याच हातात ती देणं, याला काय म्हणावं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की बेळगाव ते पुणे मी थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही. कोल्हापूर आणि सातारा स्टँडवर उतरून रसाच्या गाड्यावरून बर्फ घेतला, वर मीठ टाकलं. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "दूध हाय का?" मी म्हणालो, "बहिणीचं रक्त." तो उठून मागच्या बाकावर गेला.

रिपोर्ट आला. साखर तळाला गेलेली असतानाही रक्तात इन्सुलिन भरपूर होतं, आणि शरीर इन्सुलिन बनवताना सोबत जो तुकडा सोडतं तोही भरपूर होता. म्हणजे ते बाहेरून कोणी टोचलेलं नव्हतं. सर मला समजावून सांगत होते आणि माझ्या डोक्यात माग चालला होता. आमच्या यंत्रमागावर धागा तुटला की माग आपोआप थांबायला पाहिजे. थांबला नाही तर तो नुसता चालत राहतो आणि कापड नासतं. साखर कमी झाली की इन्सुलिनही थांबायला पाहिजे; आक्काच्या पोटातला तो एक माग थांबतच नव्हता. मी हे बोलून दाखवलं. सर खूश झाले. पुढे कितीतरी विणकर पेशंटना त्यांनी हे उदाहरण दिलं, आणि दर वेळी "हे आमच्या परशुरामचं" असं सांगून दिलं.

स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, इतकी ती बारीक होती. पण रक्तानं सांगितलं होतं की ती आहे, आणि सर त्यावर ठाम राहिले. शस्त्रक्रियेत मोठ्या सर्जनसाहेबांच्या बोटाला ती लागली. हरभऱ्याएवढी. काढून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का जागी झाली, तेव्हा तिला भूकसुद्धा लागलेली नव्हती. ती खिडकीतून उजाडताना बघत राहिली. अशी शांत सकाळ तीन वर्षांत पाहिली नव्हती, असं ती नंतर म्हणाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आक्का बोरगावला जायला तयार होईना. दाजी दोनदा येऊन गेले, खाली मान घालून बसले आणि चहा पिऊन परत गेले. आक्का म्हणाली, "चोर म्हनून भायेर काढलं. आता बरी झाले म्हनून आत घ्येनार? मंग चोरीचं काय?" आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं, झालं गेलं विसर. टाके तपासायला गेलो असताना ही गोष्ट मी सरांच्या कानावर घातली, आपलं सहज, तक्रारीच्या सुरात. सर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आरोप गल्लीत झाला, मग खुलासा बंद खोलीत कसा चालेल?" मग आक्काला विचारलं, "तुमचा आजार मी लोकांसमोर सांगितला तर चालेल का? तुमची परवानगी असेल तरच." आक्कानं मान हलवली.

रविवारी सर आमच्याबरोबर बसनं निपाणीला आणि तिथून रिक्षानं बोरगावला आले. त्यांच्या हुद्द्याचा डॉक्टर एका पेशंटच्या सासरी जातो, हे तेव्हाही कोणी पाहिलं नव्हतं आणि पुढेही मी फारसं पाहिलं नाही. सासूबाईंनी आत खुर्ची मांडली. सर म्हणाले, "हितंच बसतो की, कट्ट्यावर. हवा छान आहे." हवा कसली, ऊन होतं. पण बायका-माणसं गोळा व्हायला लागली, तेच त्यांना हवं होतं.

"या गल्लीत शालनताईंना चोर कोण कोण म्हणालं?" सरांनी विचारलं. कोणी बोललं नाही. "बरं. ऐकलं कुणी कुणी?" एक एक करत बरेच हात वर झाले आणि एक म्हातारी हसली. मग सरांनी खिशातून हरभऱ्याचा एक दाणा काढून सगळ्यांच्या हाताहातांतून फिरवला. एवढी गाठ काय करत होती, साखर कमी झाल्यावर माणूस स्वतःचा कसा राहत नाही, हे त्यांनी मराठीत सांगितलं, मागे उभ्या असलेल्या दोन कुटुंबांसाठी पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं. शेवटी म्हणाले, "जे निपाणी-बेळगावच्या डॉक्टरांना सुचलं नाही, ते या बाईंना सुचलं. गूळ खाल्ला म्हणून त्या आज इथे उभ्या आहेत. नाहीतर एखाद्या सकाळी उठल्याच नसत्या."

सासूबाई बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मंग बोलायचं न्हाय व्हय हिनं तसं?"

"बोलले की आत्याबाई," आक्का म्हणाली. "धा डाव बोलले. तुमास्नी खोटं वाटलं."

सर मुद्दाम रस्त्याकडे बघत होते. सासूबाई उठल्या, कट्ट्याच्या कडेला आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चुकलं माझं. मी हितंच बोलल्यालं, हितंच सांगती. माझी सून चोर न्हाय." त्यांना रडू कोसळलं. मला त्यांचा फार राग होता, पण त्या दिवशी तो उतरला. एवढं बोलायलाही छाती लागते.

आक्का त्या दिवशी घरात गेली नाही. आमच्याबरोबर वडगावला परत आली. आठ दिवसांनी दाजी एकटे न्यायला आले आणि या वेळी मान वर करून बोलले, तेव्हा गेली. आज तिची मुलगी कॉलेजात आहे.

मी माग सोडला आणि प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं. फॉर्म सरांनीच भरला, कारण माझं इंग्रजी बघून त्यांना झीट आली होती. तेव्हापासून त्यांच्या प्रयोगशाळेत आहे. पचनसंस्थेतल्या अशा गाठी क्वचित आढळतात. काही इन्सुलिन सोडतात, काही जठरात आम्ल वाढवणारा स्राव, तर काहींच्या स्रावानं चेहरा लालबुंद होतो आणि जुलाब थांबत नाहीत. काही गाठी काहीच सोडत नाहीत, त्या गुपचूप वाढतात आणि उशिरा सापडतात. गाठ दिसायच्या आधी तिचा स्राव माणसाच्या वागण्यात, भुकेत, शौचाला जाण्यात दिसतो, म्हणून आधी माणसाला विचारायचं आणि मग मशीनला, हा सरांचा नेम. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांच्या रक्तात जठराचा तो स्राव फार वाढलेला सापडला, तेव्हा मी रिपोर्ट घेऊन धावतच सरांकडे गेलो. आणखी एक गाठ सापडली, अशा थाटात. सरांनी त्यांना विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?" "गोळी बिळी काय न्हाय." "गॅसची?" "ती व्हय, ती रोज सकाळी घेतो की. पर ती काय गोळी म्हनायची?" त्या गोळीमुळेच आकडा फुगला होता. सरांनी देखरेखीखाली ती बदलून काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर सगळं ठीक. माझा चेहरा पडलेला बघून सर म्हणाले, "पेशंटला गाठ नाही याचं दुःख झालेला तू पहिलाच माणूस."

सरांचे दोषही लिहायला हवेत. ते कोणालाही अर्ध्यात थांबवत नाहीत, त्यामुळे दुपारचं जेवण चारला होतं आणि बाहेरचा बाक रोज शिव्या देतो. त्यांचं अक्षर फक्त मला आणि एका केमिस्टला लागतं. त्यांना राग येतो तो एकाच गोष्टीचा: एखाद्याच्या तोंडावर 'याला काही झालेलं नाही' म्हणण्याचा. ज्या डॉक्टरांनी आक्काला फिटच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांना सरांनी पत्र लिहिलं होतं. मला वाटलं चांगलं झापलं असेल. पुढे प्रयोगशाळेत लागल्यावर जुन्या फायलीत त्याची प्रत सापडली तेव्हा वाचलं. 'आपण पाठवलेल्या कागदपत्रांत झटक्यांच्या वेळा नोंदवलेल्या होत्या, त्याचा निदानाला फार उपयोग झाला. आभारी आहे.' ते डॉक्टर आजही आपले अवघड पेशंट सरांकडेच पाठवतात.

माझ्या घरच्या प्रत्येक सुखदुःखात सर उभे राहिले, त्याची यादी देत नाही. त्यांना ती आवडणार नाही आणि मला ती लिहिताना रडू येईल. मी जो काही आहे, तो त्यांच्यामुळे आहे. हे त्यांच्यासमोर कधी बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलतो.

लेख लिहायला घेतला तेव्हा मी आक्काला फोन केला. म्हटलं, तुझ्या वतीनं काय लिहू? सरांनी तुला बरं केलं, असं लिहू?

"तसं लिव्हू नगंस," ती म्हणाली. "बरं तर सर्जन डाक्टरांनी केलं. पोट त्यांनी फाडलं. ह्येंनी निस्तं माझं खरं मानलं. समदी मला खोटं म्हनत व्हती तवा एका मानसानं खरं मानलं. तेवढं लिव."

तेवढं लिहिलं. सर, बाहेरचा बाक आजही भरलेला असतो आणि अजून पुष्कळ जणांचं खरं मानायचं राहिलं आहे. तुम्हाला भरपूर वर्षं मिळोत, ती निरोगी जावोत, आणि आता दुपारी एकला जेवत जा.